गिऱ्हाईक राजा, आणि राजा गिऱ्हाईक



‘ग्राहक म्हणजे राजा’ हे आपण इतक्या पाट्यांवर वाचलंय की आता त्याचं काही वाटतच नाही. पण आमच्या कोल्हापुरात शंभरेक वर्षांपूर्वी खरोखरचा राजा चहाच्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून यायचा. आजच्या भागात तीच गोष्ट.

गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. महार समाजातले. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानायचे. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच लोकांनी गंगारामना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर सगळं कळलं, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. आणि गंगारामना म्हणाले, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ, मी मदत करतो.

अशा रीतीनं भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं चहाचं हॉटेल सुरू झालं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, जागा भर रस्त्यावरची. धंदा चालायला आणखी काय लागतं? पण गिऱ्हाईकच येईना. कारण काय, तर चहा करणारे हात महाराचे!

महाराजांना हे कळलं. मग काय, त्यांची गाडी गंगारामांच्या हॉटेलापुढं थांबायला लागली. महाराज चहा मागवायचे, भर रस्त्यात सगळ्यांदेखत प्यायचे. सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. आता खुद्द छत्रपती पितायत म्हटल्यावर बाकीचे ‘नको’ कसं म्हणणार? हळूहळू हॉटेल चालायला लागलं.

आता मला यातली खरी गंमत वाटते ती अशी. महाराज राजे होते. त्यांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या होत्या. 1919 मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही, असे हुकूम काढले. म्हणजे हुकूम काढणं त्यांना नवीन नव्हतं. पण ‘गंगारामकडेच चहा प्या’ असा हुकूम काढून गिऱ्हाईक मिळत नसतं. त्यासाठी स्वतःच गिऱ्हाईक व्हावं लागतं. महाराजांनी तेच केलं.

आता हीच गोष्ट उलटी करून बघा. त्या काळात दलित माणूस इतरांच्या हॉटेलात गेला तर? कितीतरी ठिकाणी त्याला बाहेर बसवायचे. त्याची कपबशी वेगळी, चहा वरनं ओतायचा, पिऊन झाल्यावर कप त्यानंच धुवायचा. पैसे मात्र इतरांएवढेच! त्याच हॉटेलात इतर गिऱ्हाइकांना ‘या, बसा’ म्हणत असतील. म्हणजे गोड बोलणारा दुकानदार प्रत्येकाशी गोड बोलतोच असं नाही. आधी तो मनात ठरवतो, गिऱ्हाईक कोण आणि कोण नाही.

1920 मध्ये कोल्हापूरजवळच्या माणगाव परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे बोट दाखवून सांगितलं, हा तुमचा पुढारी. पुढं त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली संविधानाचा मसुदा तयार झाला. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या त्या संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं आणि उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून तिथं कुणालाही अडवता येत नाही. चहाच्या कपाची गोष्ट थेट संविधानात पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

मध्यंतरी मी एका मोठ्या दुकानात मोबाइल बघत होतो. शेजारी धोतर नेसलेले एक आजोबा आले, एका फोनची किंमत विचारली. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, ‘तो महाग आहे, आजोबा.’ आजोबा काही न बोलता निघून गेले. त्यांच्याकडं पैसे होते की नव्हते, कुणास ठाऊक. त्या पोरानं विचारलंच नाही. आणि खरं सांगू? मीही गप्पच बसलो.

तुमच्यातले किती तरी जण उद्या कॅफे काढतील, इन्स्टावर साड्या विकतील, वडिलांच्या दुकानात बसतील. तेव्हा एवढंच बघा: तुमच्याकडं कपबशी सगळ्यांना एकच आहे ना? आणि धंदा नसेल करायचा, तर गिऱ्हाईक तर आहातच. कुणाच्या दुकानापुढं थांबायचं, हे शेवटी तुमच्याच हातात असतं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर एक चहा होऊन जाऊ दे!