जनावरांतील साथरोग व आपत्ती: आदेशांतील महत्त्वाच्या संज्ञा आणि त्यांचा अर्थ

पाटस परिसरात घरोघरी दुभती जनावरे आहेत. पुणे-सोलापूर महामार्गावरून जनावरे आणि कोंबड्यांची वाहतूक चालते. गाळप हंगामात ऊसतोड कामगारांसोबत बाहेरच्या जिल्ह्यांतून बैल येतात. अशा भागात साथ आल्यावर निघणारा सरकारी आदेश नीट समजला पाहिजे. त्यातील प्रत्येक शब्दामागे पशुपालकाचे एक कर्तव्य असते आणि बऱ्याचदा एक हक्कही असतो.

प्रादुर्भाव आणि साथ
एखाद्या ठिकाणी रोगाची लागण आढळली की त्याला प्रादुर्भाव म्हणतात. तो नेहमीपेक्षा वेगाने अनेक गावांत पसरला की साथ होते. लम्पी चर्मरोग ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात आढळला आणि काही आठवड्यांत अनेक जिल्ह्यांत पोहोचला.

प्राणिजन्य आजार
जनावरांतून माणसाला होणारा आजार. रेबीज, ब्रुसेल्लोसिस आणि बर्ड फ्लू हे या गटातले आजार आहेत. लम्पी माणसाला होत नाही. त्यामुळे लम्पीच्या नावाखाली दुधाविषयी पसरणाऱ्या अफवांवर विश्वास ठेवू नये. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच प्यावे.

खबर देणे
प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार, अनुसूचित रोगाची शंका आल्यास पशुपालकाने ग्रामपंचायत किंवा गावातील संबंधित अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. रोगाची खात्री होण्याची वाट पाहू नये.

विलगीकरण आणि अलगीकरण
आजारी जनावर निरोगी जनावरांपासून वेगळे बांधणे म्हणजे विलगीकरण. वरून निरोगी दिसणारे, पण बाधित भागातून आलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवून त्यावर लक्ष ठेवणे म्हणजे अलगीकरण. बाजारातून आणलेली गाय थेट दावणीला बांधू नये, ती याचसाठी.

नियंत्रित क्षेत्र
रोगनियंत्रणासाठी शासनाने अधिसूचनेद्वारे जाहीर केलेला भाग. येथे जनावरांची ने-आण, बाजार, शर्यती व प्रदर्शने यांवर बंदी येऊ शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला होता.

बाधित क्षेत्र आणि निगराणी क्षेत्र
बर्ड फ्लूच्या कृती आराखड्यानुसार रोग सापडलेल्या जागेभोवतीचे १ किलोमीटर हे बाधित क्षेत्र. तेथील पक्षी शास्त्रीय पद्धतीने नष्ट केले जातात. त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र असते. तेथे नमुने घेतले जातात आणि वाहतुकीवर लक्ष असते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे अशीच कारवाई झाली.

वलय लसीकरण
रोग सापडलेल्या गावाभोवती कडे करून निरोगी जनावरांना लस देणे. लम्पीच्या वेळी सुरुवातीला ५ किलोमीटर परिघात शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. पुढे राज्यभर मोफत लसीकरण झाले.

नुकसानभरपाई आणि अर्थसाहाय्य
हे दोन शब्द एक नाहीत. बर्ड फ्लूमध्ये सरकारने नष्ट केलेले पक्षी, अंडी व खाद्य यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे खबर लपवून ठेवली तर तोटा आपलाच वाढतो. लम्पीने दगावलेल्या जनावरांसाठी राज्याने २०२२ मध्ये अर्थसाहाय्य दिले. दुधाळ जनावरास ३० हजार, ओढकामाच्या बैलास २५ हजार आणि वासरास १६ हजार रुपये असे त्याचे दर होते. अशा वेळी पंचनामा आणि कानातील बिल्ला महत्त्वाचा ठरतो.

प्रमाणशीरपणा
नीतीच्या दृष्टीने निर्बंध धोक्याच्या प्रमाणातच असावेत. गरजेपेक्षा कडक किंवा जास्त दिवसांचे नसावेत. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरात शिरून झडत्या घेतल्या गेल्या. त्या धाकाने लोक रुग्ण लपवू लागले. धाक वाढला की खबर आटते, हा धडा गोठ्यालाही लागू आहे.

परस्पर जबाबदारी
सर्वांच्या भल्यासाठी ज्याच्यावर निर्बंध येतात, त्याला आधार देणे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. ज्याच्या कोंबड्या नष्ट झाल्या त्याच्यामुळे शेजाऱ्यांचे शेड वाचते. अशा कुटुंबाला दोष देऊ नये आणि वाळीत टाकू नये.

शंका आल्यास काय करावे?

- आजारी जनावर लगेच वेगळे बांधा. त्याचा चारा, पाणी व भांडी वेगळी ठेवा.
- जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.
- गोचीड, माश्या व डास यांचा बंदोबस्त करा.
- जनावर विकू नका, बाजारात किंवा नातेवाइकांकडे हलवू नका.
- मृत जनावर नदीत, कालव्यात किंवा उघड्यावर टाकू नका. पाणवठ्यापासून दूर खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरा.
- पुरण्यापूर्वी पंचनामा करून घ्या व बिल्ल्याचा क्रमांक लिहून ठेवा.
- मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका.

विस्तार कार्यकर्त्यांनी आदेश नुसता वाचून दाखवू नये. बंदी का आहे, किती दिवस आहे आणि मदत कोणाकडे मागायची, या तीन गोष्टी ग्रामसभेत स्पष्ट सांगाव्यात. हंगामासाठी आलेल्या ऊसतोड कामगारांच्या तळावरही हीच माहिती पोहोचवावी आणि त्यांच्या बैलांचे लसीकरण झाले आहे का, ते पाहावे.