नाणेघाट बौद्ध लेणं नाही, तरीही तो आपल्या इतिहासाचा पुरावा आहे

पावसाळा आला की नाणेघाटाचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात. सोबत दोन प्रकारचे मजकूर असतात. एक म्हणतो, हा वैदिक सुवर्णयुगाचा पुरावा. दुसरा आपल्याच पोरांचा असतो : हे मुळात बौद्ध लेणं, ब्राह्मणांनी बळकावलं. दोघांनीही भिंतीवरचा लेख वाचलेला नसतो.

मुरबाडहून टोकावडे, वैशाखरे करत घाट चढलं की माथ्याजवळ हे लेणं लागतं. आत स्तूप नाही, भिक्खूंना दान दिल्याचा उल्लेख नाही. आहे तो सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख. सुरुवातीला इंद्र, संकर्षण, वासुदेव, यम, वरुण, कुबेर यांना वंदन. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि दक्षिणेचा हिशोब : हजारो गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापणं. मग हे बौद्ध लेणं कसं म्हणायचं? नाही म्हणता येत. खोटा दावा केला तर समोरचा एका मिनिटात तो खोडतो आणि आपले खरे पुरावेही संशयात जातात.

पण मित्रांनो, वैदिक गौरववाल्यांनाही हा लेख सोयीचा नाही. पहिली गोष्ट, तो संस्कृतात नाही. यज्ञांची बढाईसुद्धा राणीला प्राकृतात, म्हणजे लोकांच्या भाषेत कोरावी लागली. लिपी कोणती? धम्मलिपी. त्याआधी सम्राट अशोकाने याच लिपीत सोपाऱ्याला शिलालेख कोरवला होता.

दुसरी गोष्ट, पैसा. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला जायचा. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. यज्ञातली दक्षिणा आकाशातून पडली नव्हती. ती शेतकरी, कारागीर आणि व्यापाऱ्यांच्या घामातून आली. लेण्यात राजा-राणीच्या मूर्ती होत्या, त्यांची नावं आजही वाचता येतात. मात्र ज्यांनी छिन्नी-हातोड्याने हा कातळ फोडला, पाण्याची टाकी खोदली, त्यांचं एक नावही तिथे नाही.

ही नावं हवी असतील तर घाट ओलांडून जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत जा. तिथे बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी लेखांत आहे. यवन दातेही आहेत. कान्हेरीला जा, कल्याणचा सोनार आणि लोहार दाता म्हणून भेटतो. शहापूरवरून कसाऱ्याचा थळघाट चढा, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत तर एकाच लेखात दोन्ही बाजू दिसतात : राणी बलश्री भिक्खूसंघाला लेणं दान देते आणि आपल्या मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हणून त्याचं कौतुकही करते.

प्राचीन भारताचा इतिहास हा बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी व्यवस्था यांच्यातला संघर्ष आहे, असं बाबासाहेबांनी मांडलं. त्या संघर्षाच्या दोन्ही बाजू आपल्याच डोंगरांत कोरलेल्या आहेत. नाणेघाटात यज्ञ करणाऱ्या राजघराण्याचं नाव, जुन्नर-कान्हेरीत दान देणाऱ्या कारागिरांचं. नाणेघाट बौद्ध ठरवण्याची आपल्याला गरजच नाही. तो जसा आहे तसाच आपल्या बाजूने साक्ष देतो.

म्हणून मुरबाड-शहापूरच्या तरुणांना एकच सांगणं. यंदा उलटा धबधबा बघायला जाल तेव्हा सेल्फी जरूर काढा, पण त्याआधी धम्मलिपीची मुळाक्षरं शिका. बाबासाहेबांचा माणूस पुराव्याने बोलतो.

जय भीम!