एका स्वरचिन्हाचे दोन पत्ते

ग्रीक भाषेतील 'अल्फा' या अक्षरावर एक छोटी तिरकी रेघ दिली, तर ते अक्षर संगणकात तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येते. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसू शकतात, शोध घेताना मात्र एकमेकांना ओळखतीलच असे नाही. हा घोळ संगणकाने निर्माण केला असे वाटते. त्याचे मूळ मात्र अलेक्झांड्रियात आहे.

इ.स.पू. २०० च्या सुमारास तेथील ग्रंथालयाचा प्रमुख होता बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफेनीस (प्रसिद्ध नाटककार तो वेगळा). स्वरचिन्हांचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. प्राचीन ग्रीकमध्ये आघात आवाजाच्या चढउताराने होई, जसा आपल्याकडे वैदिक पठणात उदात्त-अनुदात्ताने होतो. चढत्या स्वरासाठी 'ऑक्सिया', उतरत्यासाठी 'वारिया', चढून उतरणाऱ्यासाठी 'पेरिस्पोमेनी'. शब्दारंभीच्या स्वराआधी हकार आहे की नाही, हे सांगणारी दोन श्वासचिन्हे निराळीच. शिवाय काही स्वरांखाली बारीकसा 'आयोटा'. म्हणजे एकाच अक्षरावर आणि अक्षराखाली मिळून तीन-तीन चिन्हे!

पुढे उच्चार बदलले. चढउतार गेला, हकार लोपला. चिन्हे मात्र शतकानुशतके राहिली आणि शाळेतील मुले ती घोकत राहिली. अखेर १९८२ मध्ये पापांद्रेऊ यांच्या सरकारने ती सर्व हटवून आघातासाठी 'टोनोस' हे एकच चिन्ह अधिकृत केले. विरोध तीव्र होता. काही प्रकाशक आणि चर्च आजही जुनेच लेखन करतात.

संगणकीय ग्रीकचे दोन संसार झाले ते याच सुमारास. अभ्यासकांकडे 'बीटा कोड' होता. डेव्हिड पॅकार्ड यांनी घडवलेल्या या पद्धतीत साध्या इंग्रजी कळफलकावरील खुणांनीच चिन्हे लिहीत. तीन चिन्हांचा ओमेगा हवा असेल, तर डब्ल्यू अक्षर, पुढे उघडा कंस, बरोबरचे चिन्ह आणि शेवटी उभी रेघ. दिसायला ओबडधोबड, पण अर्थ नेमका. कॅलिफोर्नियातील 'थिसॉरस लिंग्वे ग्रेके' या प्रकल्पाने प्राचीन ग्रीक वाङ्मय याच रूपात साठवले. दुसरीकडे १९८७ च्या आयएसओ ८८५९-७ या मानकात फक्त आधुनिक ग्रीकला जागा मिळाली. २५६ घरांच्या तक्त्यात प्लेटोची चिन्हे मावणार कुठे?

युनिकोडने दोन्ही संसार एका छताखाली आणले. आधुनिक ग्रीकला एक विभाग मिळाला. १९९३ च्या १.१ आवृत्तीत जुन्या चिन्हांच्या तयार अक्षरांसाठी 'विस्तारित ग्रीक' हा दुसरा. शिवाय सुटे अक्षर लिहून पुढे सुटे चिन्ह जोडण्याचीही सोय होती. आता प्रश्न उरला: टोनोस आणि ऑक्सिया ही एकच रेघ की दोन? सुरुवातीच्या काही टंकांत टोनोस जवळजवळ उभा काढला जाई, ऑक्सिया तिरपा. म्हणून दोन पत्ते. टोनोसयुक्त अल्फा ०३एसी या क्रमांकावर, ऑक्सियायुक्त १एफ७१ वर. वास्तविक ग्रीकांच्या दृष्टीने टोनोस म्हणजे तीच जुनी तिरकी रेघ. युनिकोडने अखेर दोन्ही समतुल्य ठरवली. मजकुराचे प्रमाणीकरण केले, की ऑक्सिया गुपचूप टोनोस होतो. माझ्या मते निर्णय योग्यच. पण टंकात दोन्ही रेघा वेगळ्या काढलेल्या असतील, तर होमरच्या ओळीत मध्येच एक अक्षर उपरे दिसते. आणि प्रमाणीकरण न करणाऱ्या प्रणालीत तुम्ही शोधलेला शब्द समोर असूनही सापडत नाही.

हे दूरचे वाटत असेल, तर 'दुसऱ्या' हा शब्द पाहा. त्यातील 'ऱ' युनिकोडमध्ये ०९३१ या एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता असाही. दोन्ही समतुल्य आहेत, तरीही प्रमाणीकरण न झाल्यास जुन्या मराठी फायलींत 'दुसऱ्या' शोधणाऱ्याला कधी कधी रिकाम्या हाताने परतावे लागते.