रत्नागिरी जिल्ह्यातील काजूची जैव-अर्थव्यवस्था

शेती, वने व मासेमारी यांतून मिळणाऱ्या आणि पुन्हा निर्माण होऊ शकणाऱ्या साधनांवर आधारलेल्या उत्पादनव्यवहारास जैव-अर्थव्यवस्था म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील काजू हे तिचे बोलके उदाहरण होय. काजूचा गर, बोंडू आणि टरफल या तिन्हींना मोल आहे; तरी जिल्ह्यात मुख्यतः बीचेच पैसे होतात. याची कारणे वनस्पतिशास्त्रापेक्षा जमीनधारणा, मनुष्यबळ आणि कायदा यांत अधिक सापडतात.

लागवड

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. भातास निरुपयोगी अशा वरकस जमिनीतही तो तग धरतो. १९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हा कोकणातील अनेक पडीक डोंगरउतार आंबा-काजूखाली आले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ यांसारख्या जाती दिल्या.

जमीन आणि माणसे

जिल्ह्यात दीर्घकाळ खोती पद्धत होती. ती रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. खोती गेली, पण जमिनीच्या वाटण्या अनेक ठिकाणी कागदावर झाल्याच नाहीत. एकाच सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार आणि त्यांतले कित्येक मुंबईत, अशी स्थिती सर्रास आढळते. कर्ज वा अनुदान घेताना सर्वांची संमती जुळवणे हे कलम जगवण्यापेक्षा कठीण ठरते.

मुंबईकडील स्थलांतर हा दुसरा घटक. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १,१२२ होते. त्यामुळे बी वेचण्यापासून वणव्यापासून बाग राखण्यापर्यंतच्या कामांना गावात हात अपुरे पडतात.

बोंडू

बोंडू वजनाने बीच्या अनेक पट भरतो, पण तोडल्यावर एक-दोन दिवसांतच नासू लागतो. गोव्यात त्यापासून फेणी गाळतात. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात मद्यनिर्मिती १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत येत असल्याने असा घरगुती व्यवसाय रुजला नाही. रस, सरबत, जॅम करता येतात, मात्र रसातील तुरटपणा काढावा लागतो आणि काही आठवड्यांच्या हंगामासाठी यंत्रसामग्री उभारणे लहान उद्योजकाला परवडत नाही. परिणामी बराच बोंडू झाडाखालीच कुजतो.

प्रक्रिया

बी उकडणे, फोडणे, गर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. टरफलातील दाहक तेलाने हात भाजतात, म्हणून फोडताना हातमोजे घालतात किंवा हाताला तेल, राख लावतात. हेच तेल रंग, राळ व वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरासाठी मोठ्या कारखान्यांत लागते. लहान घटकांत मात्र टरफल बहुधा भट्टीत जळते किंवा तेल काढणाऱ्यांना विकले जाते.

कच्च्या बीचा भाव केवळ स्थानिक पिकावर ठरत नाही. भारतातील कारखाने आफ्रिकी देशांतून मोठ्या प्रमाणावर बी आयात करतात, आणि ती स्वस्त आली की कोकणातील बागायतदाराचा दर उतरतो. काजू पिकासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला.