‘मागुती’ : एका क्रियाविशेषणाचा मागोवा

इंग्रजी काव्याच्या वाचकास ‘एफ्टसून्स’ हें क्रियाविशेषण स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’मध्यें (१५९०) व पुढें कोलरिजच्या वृद्ध नावाड्याच्या काव्यांत (१७९८) भेटतें. ‘एफ्ट’ म्हणजे पुन्हां किंवा मागाहून, आणि ‘सून’ म्हणजे मूळचा तत्काळ. कोलरिजच्या काळीं हा शब्द बोलण्यांतून गेलेला होता. जुनेपणाची छटा यावी म्हणूनच त्यानें तो योजिला.

आपल्या ‘मागुती’, ‘मागुता’ या शब्दांची स्थिति अशीच आहे. ज्ञानेश्वरींत (शके १२१२) ते वारंवार येतात. तुकोबांच्या अभंगांतही येतात. आज कामशेतच्या बाजारांत कोणी ‘मागुती या’ म्हणणार नाहीं. ‘परत या’ म्हणेल. परंतु शब्दाचें घराणें नांदतें आहे : मागें, मागील, मागोवा, आणि डोंगरांत चुकलेल्या गुराचा काढलेला माग.

या सर्वांचें मूळ संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’ हें होय. ‘मार्गा’चा संबंध पंडित ‘मृगा’शीं लावतात, म्हणजे मार्ग ही मूळची श्वापदाच्या पावलांची वाट. चालणाऱ्याच्या पाठीशीं वाट उरते. म्हणून ‘मग्ग’ला प्राकृतांतच ‘पाठीमागें’ हा अर्थ आला. ‘मागणें’ हें क्रियापदही याच कुळांतलें, पण ‘शोधणें’ या अर्थाच्या दुसऱ्या शाखेचें. तेव्हां ‘मागुती’त याचना शोधूं नये.

‘मागें’चा ‘पुन्हां’ कसा झाला? गेलेल्या वाटेनें वळलें कीं तीच वाट दुसऱ्यांदा चालावी लागते. ‘परत’ व ‘फिरून’ या शब्दांनींही असाच प्रवास केला आहे, आणि इंग्रजी ‘अगेन’चा जुना अर्थही ‘उलट, माघारा’ असाच होता.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. संत जेव्हां संसारांत मागुता न येण्याची गोष्ट बोलतात, तेव्हां माघारें वळणें व पुन्हां जन्मणें हीं दोन्हीं त्या एका शब्दांत असतात. टीपेंत नुसतें ‘पुन्हां’ लिहिलें, कीं जन्ममरणाची वाटच पुसली जाते. कामशेतजवळून वाहणारी इंद्रायणी पुढें देहू-आळंदीस जाते. त्या कांठच्या वाङ्मयाचे संपादन करणारांनीं दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं द्यावेत, एवढीच अपेक्षा.