कनातींच्या आतली रपेट : फत्तेगड, १८३५

१/
एप्रिल १८३५. गंगेकाठी फत्तेगडजवळ मराठ्यांची एक छावणी पडली होती. छावणीच्या आत, कनातींनी वेढलेल्या मोकळ्या जागेत काही स्त्रिया घोड्यांभोवती जमल्या होत्या. त्यांतली एक इंग्रज, बाकीच्या मराठा. मोहीम नव्हती, लढाई नव्हती. स्त्रीने घोड्यावर बसावे कसे, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष रपेट करूनच द्यायचे ठरले होते.

२/
छावणी होती बायजाबाई शिंदे यांची. कागलकर घाटग्यांची ही कन्या १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी विवाहबद्ध झाली. १८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी जनकोजीराव यांना दत्तक घेतले आणि ग्वाल्हेरचा कारभार आपल्या हाती ठेवला. १८३३ मध्ये फौजेने जनकोजीरावांची बाजू घेऊन बंड केले, तेव्हा बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. कंपनीच्या मुलखात आलेल्या या पदच्युत राज्यकर्तीने ग्वाल्हेरपासून दूर जावे, असा कंपनी सरकारचा आग्रह चालू होता.

३/
त्यांना भेटायला आलेली इंग्रज स्त्री म्हणजे फॅनी पार्क्स. अलाहाबादेतील कंपनीच्या एका मुलकी अधिकाऱ्याची ही पत्नी १८२२ पासून हिंदुस्थानात राहत होती. तिला हिंदुस्थानी बोलता येई, प्रवासाचे वेड होते आणि घोड्यांचे त्याहून अधिक. पुढे १८५० मध्ये तिने आपल्या रोजनिशीच्या आधारे दोन खंडांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. फत्तेगडची ही हकीकत आज ठाऊक आहे ती त्यामुळेच.

४/
बोलता बोलता विषय घोड्यांवर आला. इंग्रज स्त्रिया घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसतात, हे छावणीतल्या बायकांनी ऐकले होते. पण अशी वाकडी बैठक घेऊन कोणी दौड करू शकेल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा फॅनीने आपला घोडा जनान्यात आणून ती पद्धत दाखवण्याचे कबूल केले.

५/
ही एकांगी बैठक नेमकी काय होती? अशा खोगिराला वरच्या बाजूला शिंगासारखा खुंट असे. स्वार स्त्री उजवा पाय त्यावरून डावीकडे घेई आणि डावा पाय एकुलत्या एका रिकिबीत ठेवी. घोड्याला टाचेने इशारा द्यायला उजवा पाय उरतच नसे. ते काम हातातल्या छडीने करावे लागे. घोड्यावर चढायला बहुधा दुसऱ्याचा आधार लागे. अंगावर पायघोळ घागरा असे आणि पडताना तो खुंटात अडकला, तर घोड्यामागे फरफटत जाण्याचा धोका असे. १८३० च्या सुमारास डाव्या मांडीवर येणारा दुसरा खुंट जोडला गेला, तेव्हा कुठे अशा खोगिरावर उडी मारणे थोडे सुरक्षित झाले.

६/
फॅनीने इंग्रजी पोशाखात, इंग्रजी खोगिरावर बसून रपेट करून दाखवली. पाहणाऱ्यांना कौतुक वाटले आणि हसूही आले. त्यानंतर बायजाबाईंची नात गजराजासाहेब मराठा पद्धतीने घोड्यावर बसल्या. दोन्ही बाजूंना पाय, दोन रिकिबी आणि पक्की मांड. त्यांची बैठक आणि घोड्यावरचा ताबा पाहून फॅनी थक्क झाली, असे तिच्याच लिखाणावरून दिसते.

७/
मग फॅनीने मराठी पेहराव चढवला आणि तीही तशीच बसली. आयुष्यभर एकांगी बैठकीची सवय असलेल्या या बाईला पहिल्यांदाच दोन्ही गुडघ्यांनी घोडा धरता आला. अशा बैठकीत आपण वाटेल तेवढी उंच उडी मारू शकू, इतकी सुरक्षितता तिला वाटली. आणि तिला राग आला तो राणी एलिझाबेथचा! स्त्रियांची जुनी बैठक मोडून ही वाकडी पद्धत आणणे हा त्या राणीचा मूर्खपणा होता, असे तिने आपल्या पुस्तकात सरळ नोंदवले.

८/
इथे फॅनीची माहिती थोडी चुकली. इंग्लंडमध्ये या पद्धतीचे श्रेय परंपरेने बोहेमियाच्या ॲन हिला दिले जाते. ती १३८२ मध्ये दुसऱ्या रिचर्डची राणी झाली, म्हणजे एलिझाबेथच्या जवळजवळ दोन शतके आधी. पण तपशील चुकला तरी फॅनीची मूळ जाणीव बरोबर होती. ही बैठक निसर्गाने ठरवलेली नव्हती. दरबारी शिष्टाचारातून ती रूढ झाली होती आणि रूढ झाली म्हणून ‘स्त्रीला शोभणारी’ ठरली होती.

९/
मराठा स्त्रियांना हा प्रश्न का पडला नाही? पहिले कारण वस्त्र. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे पायांना मोकळे ठेवते. घोड्यावर बसण्यासाठी वेगळा पोशाख करावा लागत नाही. दुसरे कारण छावणीचे जीवन. शिंद्यांचा तळ हे एक चालते गावच असे. बाजार, देवघर, मुलेबाळे, सारे फौजेबरोबर हलत असे. मुक्काम उठला की पालखी, मेणा, उंट, तट्टू, मिळेल त्या वाहनाने वाट कापायची. अशा जगात घोड्यावर बसणे स्त्रीसाठीही नित्याचे होते.

१०/
याच छावणीतल्या स्त्रियांनी फॅनीला आणखी एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. एका लढाईत बायजाबाई हातात भाला आणि कडेवर तान्हे मूल घेऊन फौजेच्या अग्रभागी घोड्यावर होत्या म्हणे. या आठवणीला दुसरा समकालीन आधार हवा; तोवर तिला इतिहास म्हणता येत नाही. पण छावणीतल्या स्त्रियांना आपल्या बाईंची कोणती प्रतिमा जपावीशी वाटत होती, ते तिच्यातून नक्की कळते.

११/
याचा अर्थ मराठा स्त्री मुक्त होती आणि इंग्रज स्त्री बंधनात होती, असा काढला तर तो उतावळेपणा ठरेल. गजराजासाहेबांची मांड मोकळी होती, पण त्यांची रपेट कनातींच्या आत होती. फॅनी एकट्याने कुठेही घोडा नेऊ शके, पण बसायचे वाकडे. शिवाय हे सरदार घराण्याचे सुख होते. त्याच छावणीतल्या मोतद्दारांच्या बायकांनी कधी हौसेखातर रपेट केली असेल, असे मानायला आधार नाही.

१२/
दोघींनाही आपापल्या बंधनांची जाण होती. बायजाबाईंशी झालेल्या बोलण्यात हिंदू विधवेच्या कष्टप्रद जीवनाचा विषय निघाला. बाई स्वतः विधवा होत्या आणि व्रतस्थ साधेपणाने राहत होत्या. त्यावर फॅनीने इंग्लंडच्या कायद्याची कठोरता सांगितली : विवाहित स्त्री कायद्याने जवळजवळ नवऱ्याची दासीच असते आणि तिला दाद मागायला फारशी जागा नसते. हे खरेच होते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये झाले.

१३/
असाच धडा पुढे दुसऱ्या एका इंग्रज प्रवासिनीने गिरवला. १८७३ मध्ये इझाबेला बर्ड हवाई बेटांवर पोहोचली. तिला पाठीचे जुने दुखणे होते आणि एकांगी खोगिरावर ते असह्य होई. तिथल्या स्त्रिया रंगीत वस्त्रे लेवून, घोड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून घोळक्याने भरधाव रपेटीला निघत. त्यांचे पाहून तीही तशी बसू लागली आणि त्याच वर्षी रॉकी पर्वतांत शेकडो मैल घोड्यावरून हिंडली. तरीही तिने पुरुषी वेष केल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने छापले, तेव्हा तिला तो अपमान वाटला.

१४/
युरोपात दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणारी स्त्री सर्वमान्य व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. ऑलिंपिकच्या अश्वारोहणात स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो १९५२ मध्ये, हेलसिंकीत. फत्तेगडच्या रपेटीला तेव्हा ११७ वर्षे झाली होती.

१५/
आता साधनांचा प्रश्न. मराठी मनात घोड्यावरची स्त्री म्हटले की ताराबाई येतात, झाशीची राणी येते. बखरी आणि पत्रव्यवहार राजकारणासाठी लिहिले गेले. त्यांत स्त्री घोड्यावर दिसते ती बहुधा संकटकाळी. त्यामुळे ती अपवाद वाटते, अद्भुत वाटते. पण लढाईच्या दिवशी अचानक कोणालाच घोड्यावर मांड ठोकता येत नाही. त्यामागे कितीतरी साध्या सकाळी असतात : सराव, पडणे, हसणे, सोबतिणींची चढाओढ. त्या सकाळी लिहून ठेवण्याचे कारण कोणत्याच कारकुनाला नव्हते.

१६/
फत्तेगडची हकीकत म्हणूनच मोलाची आहे. एका परकीय स्त्रीला घोड्यांची हौस होती, तिला जनान्यात प्रवेश होता आणि रोजनिशी लिहिण्याची सवय होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून एक रपेट कागदावर उतरली. तिची अडचणही तीच आहे : गजराजासाहेब आपल्याला दिसतात त्या फॅनीच्या नजरेतून. त्या स्वतः त्या दिवशी काय म्हणाल्या असतील, पाहुणीची फजिती पाहून किती हसल्या असतील, हे सांगणारी मराठी ओळ समोर नाही.

१७/
बायजाबाई पुढे दक्षिणेत राहिल्या, उत्तरायुष्यात ग्वाल्हेरला परतल्या आणि १८६३ मध्ये तिथेच वारल्या. त्यांचे राजकारण, त्यांची सावकारी, काशीतील त्यांचे बांधकाम यांवर लिहिले गेले आहे. पण त्यांच्या छावणीतल्या त्या स्त्रिया? मोडी दफ्तरांत पागेचे हिशेब आहेत, दाणावैरणीच्या नोंदी आहेत, खोगिरांच्या खरेदीच्या याद्या आहेत. त्यांतला एखादा घोडा कोणा बाईंच्या नावे असेल. तो शोधायला मोडी वाचणारे डोळे हवेत; आणि मोडी शिकायला काही महिने पुरतात.