संगणकातील स्वयंप्रारंभ

संगणक चालू झाला किंवा वापरकर्त्याने पासवर्ड देऊन प्रवेश केला, की ठरावीक प्रोग्रॅम कोणी न उघडता सुरू व्हावा यासाठी केलेली व्यवस्था. व्यवहारात याला ‘प्रोग्रॅम स्टार्टअपला टाकणे’ म्हणतात. यात तीन वेळा निरनिराळ्या धराव्या लागतात : यंत्राला वीज मिळते ती, कार्यप्रणाली उभी राहते ती आणि माणूस प्रवेश करतो ती. कोणता प्रोग्रॅम कोणत्या वेळेला बांधायचा हे ठरवण्यातच या कामाचे कौशल्य आहे.

गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घेतले, तर आठ तालुक्यांच्या या धानपट्ट्यात सातबारा, दाखले, पीक विमा, हमीभावाने धान विकण्यासाठीची नोंदणी अशी कामे आता ऑनलाइन होतात. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावातून माणूस मजुरी बुडवून सेवा केंद्रावर येतो, तेव्हा तिथला संगणक कामाला तयार असणे ही चैन नसते, त्याच्या दिवसाचा प्रश्न असतो. म्हणून ही तांत्रिक वाटणारी मांडणी संगणक परिचालकाला नीट माहीत असायला हवी.

एमएस-डॉसच्या काळात ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या मजकूर-फाइलीत आज्ञा लिहून ठेवत. यंत्र सुरू होताच त्या क्रमाने पार पडत. १९९५ च्या विंडोजने स्टार्ट मेनूत ‘स्टार्टअप’ फोल्डर दिला आणि रजिस्ट्रीत ‘रन’ नावाची नोंदजागा ठेवली. मराठी कार्यालयांना या सोयीची गरज विशेष भासली. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारखी टंकलेखनाची साधने स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून पार्श्वभूमीत चालत. ती चालू नसली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे किंवा निरर्थक खुणा उमटत. त्यामुळे ती स्टार्टअपला टाकणे हा नवा संगणक बसवतानाचा सवयीचा भाग झाला. पुढे युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच आले व ही गरज बरीच ओसरली.

आजच्या विंडोजमध्ये सर्वांत सोपा मार्ग फोल्डरचाच आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून ‘शेल:स्टार्टअप’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत दिली की तो फोल्डर उघडतो. त्यात प्रोग्रॅमचा शॉर्टकट ठेवला की पुढच्या प्रवेशापासून तो आपोआप उघडतो. ‘शेल:कॉमन स्टार्टअप’ हा फोल्डर त्या यंत्राच्या सर्व वापरकर्त्यांसाठी असतो. मूळ फाइल इथे हलवू नये, शॉर्टकटच ठेवावा. ज्या प्रोग्रॅमला प्रशासकाचे अधिकार लागतात, तो मात्र या मार्गाने सुरू होत नाही. व्हिस्टापासून विंडोज त्याला अडवते. अशा वेळी टास्क शेड्यूलरमध्ये काम नोंदवून ‘सर्वोच्च अधिकारांसह चालवा’ हा पर्याय निवडावा लागतो. लिनक्सवर हेच काम सिस्टमडी, क्रॉनटॅबमधील ‘रीबूट’ नोंद किंवा ऑटोस्टार्ट फोल्डर करतो.

तिसरा मार्ग सेवेचा, म्हणजे सर्व्हिसचा. सेवा कोणी प्रवेश करण्याआधीच सुरू होते आणि तिची खिडकी पडद्यावर दिसत नाही. आधारच्या पडताळणीसाठी अंगठा घेणारे यंत्र संगणकाला जोडतात, तेव्हा त्यासोबत बसवलेली आरडी सेवा विंडोजवर सहसा अशीच चालते. यंत्राचा दिवा लागलेला, केबल घट्ट, तरी संकेतस्थळ ‘यंत्र सापडले नाही’ म्हणते, तेव्हा केबल बदलण्याआधी सर्व्हिसेसच्या यादीत ती सेवा चालू आहे का ते पाहावे. तिचा प्रारंभ-प्रकार ‘ऑटोमॅटिक’ असावा. सुरुवातीलाच ती कोलमडत असेल तर ‘ऑटोमॅटिक, विलंबित’ करून पाहावे. इतर सेवा उभ्या राहिल्यावर तिला वेळ मिळतो.

विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ने एक गोंधळ वाढवला. ती सोय चालू असताना संगणक ‘शट डाउन’ केला तरी कार्यप्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवून पुन्हा उचलली जाते. परिणामी ‘संगणक सुरू होताना’ अशी वेळ दिलेले काम सकाळी बटण दाबल्यावर चालत नाही, ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र चालते. रोज लागणारे काम म्हणूनच प्रवेशाच्या वेळेला बांधलेले बरे, किंवा फास्ट स्टार्टअप बंद करावे.

पावसाळ्यात लाईट जाणे-येणे चालू असते तिथे साखळीचा पहिला दुवाही पाहावा लागतो. बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो. तो चालू केल्यास वीज परत येताच डेस्कटॉप संगणक स्वतः सुरू होतो. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या किंवा फलक दाखवणाऱ्या संगणकासाठी पासवर्डविना आपोआप प्रवेशही ठेवता येतो. सेवा केंद्रावर तसे कधीही करू नये. तिथल्या यंत्रात गावकऱ्यांच्या कागदपत्रांच्या प्रती असतात. संगणक पासवर्डची वाट पाहत थांबला तर थांबू द्यावा.

जी वाट सोयीची, तीच हानिकारक प्रोग्रॅमचीही असते. पेनड्राइव्ह लावताच चालणारे ‘ऑटोरन’ हे स्वयंप्रारंभाहून वेगळे, पण २००८ मध्ये उद्भवलेल्या कॉन्फिकरसारख्या प्रोग्रॅमांनी त्यातूनही शिरकाव केला आणि आत आल्यावर प्रत्येक प्रारंभी पुन्हा चालू होण्याची तजवीज केली. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचे ऑटोरन बंद करणारा बदल पाठवला. फोटो, अर्ज, झेरॉक्ससाठी दिवसभर परके पेनड्राइव्ह लागतात, अशा दुकानांत याचे महत्त्व सहज ध्यानात यावे.

काय काय आपोआप चालते याची यादी विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात दिसते. प्रत्येक प्रोग्रॅम प्रारंभ किती लांबवतो तेही तिथे कळते. सेवा आणि नियोजित कामे या यादीत येत नाहीत. ती पाहायला मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आहे. अनोळखी नोंद पुसून टाकण्याऐवजी आधी बंद करावी आणि दोन-तीन दिवस छपाई, अंगठा, मराठी टंकलेखन सुरळीत चालते का ते पाहावे. बंद केलेली नोंद एका खुणेने परत आणता येते. पुसलेल्या नोंदीसाठी अनेकदा प्रोग्रॅम नव्याने बसवावा लागतो.